आजोबांची दुसऱ्या महायुद्धातली नोंद कुठे आणि कशी शोधायची?

सांजवेळ
माझ्या आईचे वडील दुसऱ्या महायुद्धात फौजेत होते. १९७८ साली वारले, मी तेव्हा जन्मलेही नव्हते. आजीलाही जाऊन बरीच वर्षं झाली. घरात जे सांगितलं जातं ते एवढंच, की आजोबा 'काळी पाचवी'त होते, इटलीत होते, आणि लढाईचा विषय निघाला की उठून गोठ्यात जायचे.

थोरल्या मामांकडे पत्र्याची पेटी आहे. तीत तीन पदकं आणि घडीवर फाटलेला एक इंग्रजी कागद. नाव अर्धवट दिसतं, नंबरातले शेवटचे आकडे वाळवीने खाल्लेत. गाव आत्ताच्या सांगली जिल्ह्यात, तेव्हा सातारा.

मला शोधायचंय की भरती कधी झाले, नेमके कुठे गेले, परत कधी आले. इंटरनेटवर जे मिळतं ते सगळं गोऱ्या सैनिकांबद्दल. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या साइटवर नाव टाकलं, काहीच आलं नाही. एकजण म्हणतोय पैसे भरा, लंडनहून रेकॉर्ड काढून देतो. भरू का?

भटकी_मांजर
बसते इथेच. आमचे खापरपणजोबा 'बसऱ्याला' गेले होते म्हणतात, ते पहिल्या महायुद्धात. परत आले नाहीत. त्यांचंही काही मिळेल का?

कागदकीडा
सांजवेळ, एक पैसाही भरू नका.

वॉर ग्रेव्ह्जच्या यादीत फक्त मृत सैनिक असतात. दुसऱ्या महायुद्धासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळात गेलेले. तुमचे आजोबा घरी परत आले, नातवंडं झाली, तेव्हा त्यांचं नाव तिथे नाही ही चांगलीच गोष्ट आहे.

आता लंडनचं. ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसचे कागद आहेत, पण त्यात तपशील मिळतात ते मुख्यतः अधिकाऱ्यांचे. शिपाई, नाईक, हवालदार यांचे वैयक्तिक कागद तिकडे गेलेच नाहीत, ते रेजिमेंटच्या डेपोत राहिले. १९४७ ला रेजिमेंटा वाटल्या गेल्या तसे त्यांचे कागदही वाटले गेले. फ्रंटियर फोर्स, बलुच यांचे पाकिस्तानात गेले. मराठा, महार, राजपुताना रायफल्स यांचे इकडेच. १९४५ पर्यंत हिंदी फौज पंचवीस लाखांच्या घरात गेली होती, आणि त्यातल्या सामान्य जवानाचा माग भारतातल्याच कुठल्यातरी रेकॉर्ड ऑफिसात असतो.

म्हणून आधी रेजिमेंट पक्की करा, मग नंबर. नुसत्या नंबराचा उपयोग नाही, कारण तेव्हा प्रत्येक रेजिमेंटचे आकडे वेगळे चालायचे. एकच आकडा मराठ्यांतही असेल आणि सॅपर्समध्येही (फौजेचे इंजिनियर).

तुमच्याकडे पेटी आहे, म्हणजे निम्मं काम झालंय. पदकांच्या रिबिनींचे रंग सांगा. आणि पदकांची कड व मागची बाजू भिंगाखाली बघा. गोऱ्या सैनिकांची दुसऱ्या महायुद्धाची पदकं कोरी दिली गेली, पण हिंदी सैनिकांच्या काही पदकांवर नंबर आणि नाव ठोकलेलं सापडतं. ब्रासो लावून घासायच्या आधी बघा म्हणजे झालं!

माजी_हवालदार
रेकॉर्डमध्ये नोकरी केली आहे म्हणून सांगतो.

जवानाची नोंद दोन जागी असते. एक शीट रोल. त्यात सगळं येतं: वय, उंची, अंगावरच्या खुणा, वारसदार, रजा, शिक्षा, बढती, बदली, पदकं. दुसरी लाँग रोल. ते मोठं रजिस्टर असतं, एका माणसाला एक ओळ. नंबर, हुद्दा, नाव, भरतीची तारीख, डिस्चार्जची तारीख आणि कारण.

ज्याला पेन्शन नाही त्याचा शीट रोल २५ वर्षांनी नष्ट करायचा, असा नियम. लढाईपुरते भरती होऊन १९४६ ला घरी पाठवलेले लाखो जवान याच गटातले. म्हणजे त्यांचे शीट रोल १९७०-७२ च्या सुमारास जळाले. लाँग रोल मात्र कायम ठेवायचा असतो.

तेव्हा पत्रात 'सर्व्हिस रेकॉर्ड द्या' असं मोघम लिहू नका. 'मुदत संपल्याने नष्ट' असं उत्तर येईल आणि तुम्ही घरी बसाल. 'लाँग रोलमधील नोंदीचा उतारा मिळावा' असं लिहा. क्लार्कला रजिस्टर काढावंच लागतं.

मराठा लाइट इन्फन्ट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगाव. महार रेजिमेंट सागर, मध्य प्रदेश. बॉम्बे सॅपर्स खडकी. तोफखाना नाशिक रोड. सिग्नल्स जबलपूर. मेडिकल लखनौ. ऑर्डनन्स (दारूगोळा-साहित्य) आणि ई.एम.ई. (वाहनं-यंत्रं दुरुस्त करणारे) दोन्ही सिकंदराबाद.

रानपाखरू
माजी_हवालदार, हे सोन्यासारखं आहे. वाखुसा (वाचनखूण साठवली).

थेट_प्रश्न
सगळं ठीक आहे, पण इंग्रजांच्या साम्राज्यासाठी लढलेल्यांच्या पदकांचं कौतुक कशाला? इकडे बेचाळीसची चळवळ चालू होती, आणि साताऱ्यात तर पत्री सरकार होतं.

कागदकीडा
कौतुक कुणी केलंय? ती बाई भरतीची तारीख विचारतेय. आणि साताऱ्याचंच बोलायचं तर एकाच गावात एक भाऊ भूमिगत आणि दुसरा फौजेत अशी घरं होती. यावर वाद घालायचा असेल तर वेगळा धागा काढा, तिथे मीही येतो.

सांजवेळ
मामांनी काल फोटो पाठवले.

दोन पदकं चांदणीच्या आकाराची, सहा टोकांची. एका रिबिनीवर गडद निळा, लाल, फिकट निळा असे सारख्या रुंदीचे पट्टे. दुसरी रिबीन वाळूच्या रंगाची, मधोमध रुंद लाल पट्टा आणि दोन्ही बाजूंना एकेक बारीक रेघ, एक गडद निळी, एक फिकट. चांदणीवर 'द आफ्रिका स्टार' असं लिहिलंय. तिसरं पदक गोल, एका बाजूला राजाचं डोकं, दुसऱ्या बाजूला सिंह.

कडेवर काहीच कोरलेलं दिसत नाही. आता मला कळेना, सगळे म्हणतात आजोबा इटलीत होते, मग आफ्रिका कुठून आलं?

कागदकीडा
आता मजा आली. नीट वाचा.

पहिली चांदणी १९३९-४५ स्टार. दुसरी आफ्रिका स्टार, १० जून १९४० ते १२ मे १९४३ या काळात उत्तर आफ्रिकेत किंवा ॲबिसिनिया (आजचा इथिओपिया)-इरिट्रियाच्या बाजूला असलेल्यांना. गोल पदक म्हणजे वॉर मेडल. ते जवळपास सगळ्यांनाच मिळालं.

जे नाहीये ते जास्त बोलतंय. इटलीत लढलेल्याला इटली स्टार मिळायचा, रिबीन लाल-पांढरी-हिरवी, इटलीच्या झेंड्याच्या रंगांची. तो तुमच्या पेटीत नाही. एखादं पदक हरवू शकतं, मान्य. पण त्याला 'काळी पाचवी' जोडून बघा. ते टोपणनाव जुन्या १०५ व्या मराठा पलटणीचं. १९२२ च्या फेररचनेत ती ५ व्या मराठा रेजिमेंटची दुसरी बटालियन झाली, कागदोपत्री '२/५'. आणि २/५ मराठा ११ व्या हिंदी ब्रिगेडबरोबर लिबियातल्या तोब्रुकला होती. २१ जून १९४२ ला तोब्रुक जर्मन सेनापती रोमेलच्या हाती पडलं, तेहतीस हजारांच्या आसपास माणूस कैद झाला, त्यात ही पलटणही होती. त्यातल्या बहुतेकांना समुद्रापार इटलीतल्या कैदी छावण्यांत नेलं.

माझा अंदाज: आजोबा इटलीत होते हे खरं, पण लढायला नाही. कैदी म्हणून. गोठ्यात उठून जायचे त्याचा याच्याशी संबंध असेल-नसेल, ते मी सांगू शकत नाही.

इतर मराठा पलटणी इटलीत खरोखर लढल्या. नाईक यशवंत घाडगे ३/५ चे, जुलै १९४४ मध्ये तायबर नदीच्या खोऱ्यात पडले, व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर. शिपाई नामदेव जाधव १/५ म्हणजे 'जंगी पलटण'चे, एप्रिल १९४५, सेनियो नदी, व्हिक्टोरिया क्रॉस. ४/५ तर तिकडे नव्हतीच, ती मार्च १९४४ मध्ये मणिपूरच्या बाजूला सांगशाकला जपान्यांसमोर होती. म्हणून म्हणतो, नुसतं 'मराठा रेजिमेंट' सांगून भागत नाही, पलटण कुठली ते लागतं.

सांजवेळ
अंगावर काटा आला. आईला फोन करून सांगितलं तर ती एकदम म्हणाली, "तरीच आजी सांगायची, दोन वर्षं मनीऑर्डर सरकारकडून यायची पण पत्र नाही." इतकी वर्षं ही गोष्ट घरातच होती आणि कुणी जोडली नाही.

नंबर अर्धाच आहे, त्याचं काय करू?

अर्जदार
नंबर शोधायची सगळ्यात सोपी जागा कुणीच सांगितली नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय.

दुसऱ्या महायुद्धातल्या ज्या सैनिकांना पेन्शन नव्हती त्यांना आणि त्यांच्या विधवांना महाराष्ट्र शासन दरमहा अनुदान देतं. तुमच्या आजीने कधी अर्ज केला असेल तर तिथे फाइल असणार, आणि फाइलमध्ये डिस्चार्ज सर्टिफिकेटची प्रत. तेव्हा वाळवी लागलेली नव्हती! आजीचं पूर्ण नाव, गाव, तालुका घेऊन जा. सोबत आजोबांचा मृत्यू दाखला आणि आईचं त्यांच्याशी नातं दिसेल असा कागद ठेवा.

रेकॉर्ड ऑफिसला साधं पत्रही चालतं, माझ्या चुलत्यांच्या बाबतीत साध्या पत्रालाच उत्तर आलं. नाहीच आलं तर माहितीचा अधिकार. फी १० रुपये, ३० दिवसांत उत्तर. ऑनलाइन पोर्टलवरून करता येतो. 'ही तिसऱ्या व्यक्तीची खासगी माहिती आहे' म्हणून नाकारलं तर अपिलात कलम ८(३) दाखवा. वीस वर्षांपूर्वी घडलेल्या गोष्टींना बहुतेक अपवाद लागू राहत नाहीत, खासगी माहितीचाही नाही.

माजी_हवालदार
बरोबर. फक्त पहिल्याच पत्रात कलमं लिहू नका. क्लार्क माणूसच असतो. "आमचे आजोबा आपल्या पलटणीचे" असं लिहिलं तर तो रजिस्टर दोनदा चाळतो.

आणि नावाची वेगवेगळी स्पेलिंग्ज द्या. तेव्हाचा लिहिणारा बहुतेक पंजाबी नाहीतर मद्रासी, ऐकेल तसं लिहायचा. जाधवचं जाधाव, घाडगेचं घाटगे. 'व्ही'च्या जागी 'डब्ल्यू'. आडनाव कधी नसायचंच, नुसतं नाव आणि बापाचं नाव. गावही जुन्या हिशोबाने बघा. रायगड तेव्हा कुलाबा, सिंधुदुर्ग रत्नागिरीत, सांगलीचा बराचसा भाग साताऱ्यात, आणि मधेमधे संस्थानं: औंध, फलटण, भोर, मिरज.

रत्नांग्री
आमच्या कोकणात फौजेपेक्षा बोटीवर गेलेले जास्त. आजीचा भाऊ व्यापारी जहाजावर खलाशी होता, १९४२ ला बोट बुडाली एवढंच ऐकलंय. त्याला सैनिक धरतात का?

कागदकीडा
शत्रूच्या हल्ल्यात गेला असेल तर वॉर ग्रेव्ह्जच्या यादीत असणार. समुद्रात गेलेल्या हिंदी नौदलाच्या आणि व्यापारी खलाशांसाठी मुंबई आणि चितगाव इथे मिळून स्मारक आहे, जवळपास साडेसहा हजार नावं, त्यातले बहुतेक व्यापारी जहाजांवरचे. शोधताना आडनावाच्या मागे लागू नका. 'ॲडिशनल इन्फर्मेशन'च्या रकान्यात गावाचं नाव किंवा 'रत्नागिरी' टाका. बापाचं नाव, गाव बऱ्याचदा तिथे असतं.

नौदलातला असेल तर मात्र वेगळी जागा: ब्युरो ऑफ सेलर्स, मानखुर्द, मुंबई.

@भटकी_मांजर, तुमचंही काम याच यादीत होईल, पहिल्या महायुद्धासाठी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ अशी मुदत आहे. 'बसरा' म्हणजे मेसोपोटेमियाची, आजच्या इराकमधली मोहीम. पूना डिव्हिजन तिकडे गेली होती, तीत १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. कूतच्या वेढ्यात सापडून २९ एप्रिल १९१६ ला शरण गेली. बसरा मेमोरियलवर गोऱ्यांची नावं कोरली आणि हिंदी जवानांचे पलटणीगणिक नुसते आकडे, याचा मला अजून राग येतो. पण साइटवर आता ती नावं सापडतात.

आणि गावात गेलात तर चावडी, शाळा, देऊळ बघा. "या गावातून इतकी माणसं महायुद्धास गेली, पैकी इतकी कामास आली" अशी संगमरवरी पाटी सरकारने पुष्कळ गावांत बसवली होती. कधी चुन्याखाली झाकलेली असते, कधी भिंतीवरच्या तेलरंगाखाली.

भटकी_मांजर
आहे! शाळेच्या जुन्या खोलीत पाटी आहे. लहानपणी तिच्यावर डबे ठेवायचो. आकडे आहेत, नावं नाहीत. पण साइटवर गाव टाकल्यावर एक नोंद आली, ११० वी मराठा, बापाचं नाव जुळतंय. आडनाव भलतंच लिहिलंय.

माजी_हवालदार
बापाचं नाव, गाव आणि पलटण तिन्ही जुळत असतील तर आडनाव सोडून द्या.

सांजवेळ
धागा वर काढतेय, कारण खूप काही हाती लागलंय.

मामा सैनिक कल्याण कार्यालयात गेले. आजीच्या नावाची फाइल निघाली आणि आत डिस्चार्ज सर्टिफिकेटची प्रत. पूर्ण नंबर मिळाला. पलटण २/५ मराठा. आणि शेऱ्यांच्या जागी टाइप केलंय: प्रिझनर ऑफ वॉर, २१ जून १९४२ ते एप्रिल १९४५. कागदकीडा, तुम्हाला साष्टांग नमस्कार.

ओळखीच्या खुणेत 'डाव्या भुवईवर व्रण' लिहिलंय. मामा म्हणाले, "तो मला आठवतो, मी त्याला बोट लावायचो." चारित्र्य 'व्हेरी गुड'. वडिलांच्या नावाच्या स्पेलिंगचा पार चुथडा.

त्या नंबरावर बेळगावला पत्र टाकलं, माजी_हवालदारांनी सांगितलं तसंच, लाँग रोलचा उतारा मागून. उत्तर आलं. भरती नोव्हेंबर १९३९, डिस्चार्ज १९४६, कारण डिमोबिलायझेशन, म्हणजे लढाई संपल्यावर फौज कमी केली तेव्हा. शीट रोल मुदत संपल्याने नष्ट, हेही लिहिलंय. अगदी ठरल्याप्रमाणे.

आता एक शंका. आफ्रिकेत पकडलेले हिंदी कैदी नेताजींच्या जर्मनीतल्या लीजनमध्ये गेले होते ना? आजोबाही असतील का? धाकटे मामा तेच धरून बसलेत.

थेट_प्रश्न
असले तर बरंच होईल.

कागदकीडा
धाकट्या मामांना सांगा, पुराव्याशिवाय नको. फ्री इंडिया लीजनमध्ये सुमारे तीन हजार जण होते, त्यात बरेचसे आफ्रिकेत पकडलेले कैदीच. पण पकडलेल्यांतले बहुसंख्य गेले नाहीत. कुणी शपथ मोडायला तयार नव्हतं, कुणाला घरची मनीऑर्डर बंद होण्याची भीती, कुणाला नुसतं घरी जायचं होतं. तुमच्या सर्टिफिकेटवर कैदेचा काळ सलग एप्रिल १९४५ पर्यंत धरलाय, चारित्र्य 'व्हेरी गुड' आहे आणि पदकंही मिळालीत. लीजनमधून परत आलेल्यांची चौकशी होऊन त्यांच्या कागदांवर वेगळे शेरे पडायचे. माझा कल 'नाही'कडे आहे.

मधली तीन वर्षं मात्र शोधण्यासारखी आहेत. इटलीत हिंदी जवानांसाठी आव्हेत्सानोला छावणी होती, पी.जी. ९१ नंबरची. सप्टेंबर १९४३ ला इटलीने शरणागती पत्करली तेव्हा काहीजण डोंगरात पळाले, शेतकऱ्यांनी त्यांना लपवलं. बाकीच्यांना जर्मनांनी उत्तरेकडे हलवलं. फ्रान्समध्ये एपिनालला हिंदी कैद्यांची मोठी छावणी होती. ११ मे १९४४ ला तिच्यावर अमेरिकन विमानांचे बॉम्ब पडले, भिंती फुटल्या आणि पळालेल्यांपैकी पाचेकशे जण चालत स्वित्झर्लंडला पोचले. तुमचे आजोबा एप्रिल १९४५ पर्यंत कैदेत दिसतात, म्हणजे ते या पोचलेल्यांत नसावेत. जर्मनीतल्या एखाद्या छावणीत सुटका झाली असेल.

कैद्यांची कार्डं जिनिव्हाला रेड क्रॉसच्या अभिलेखागारात आहेत. ते लोक एका वेळी मर्यादितच अर्ज घेतात, त्यामुळे अर्ज कधी उघडतात यावर लक्ष ठेवा. पूर्ण नाव, वडिलांचं नाव, नंबर, पलटण, पकडल्याची तारीख लागते. तुमच्याकडे आता हे सगळं आहे.

पलटणीची युद्ध-दैनंदिनी लंडनमध्ये क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये, मध्यपूर्वेच्या फौजांसाठी डब्ल्यू.ओ. १६९ या मालिकेत. कुणी ओळखीचं तिकडे असेल तर वाचनालयात बसून मोबाइलने फोटो काढता येतात, त्याचे पैसे पडत नाहीत. त्यात आजोबांचं नाव सापडेल अशी आशा धरू नका, नावं बहुतेक अधिकाऱ्यांची. पण अमुक दिवशी पलटण कुठे होती, पाणी किती मिळालं, गोळाफेक कधी झाली, हे कळतं. आपल्याकडे दिल्लीत संरक्षण मंत्रालयाच्या इतिहास विभागाकडेही युद्ध-दैनंदिन्या आहेत, तिथे परवानगी काढावी लागते.

सांजवेळ
माझी मावसबहीण रेडिंगला असते, तिला कामाला लावते. रेड क्रॉसचा अर्ज मी भरते. पेटीतल्या कागदाचं काय करू? घडीवर आणखी फाटत चाललाय.

रानपाखरू
लॅमिनेशन अजिबात नको! सेलोटेपही नको. आधी उघड्या सावलीत दोन्ही बाजूंचे फोटो काढा, मग ॲसिड-फ्री कागदात सपाट ठेवून द्या. पत्र्याच्या पेटीत परत नको, गंज आणि वाळवी दोन्ही तिथेच आहेत.

रत्नांग्री
माझंही सापडलं, आजीच्या भावाचं नाव यादीत आहे, जहाजाच्या नावासकट. वय १९ लिहिलंय. त्या स्मारकाला जाऊन नाव बघता येतं का?

कागदकीडा
मुंबईत मस्जिद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये. नावं भिंतीवर नाहीत, नोंदवहीत आहेत. आधी फोन करून विचारा, वही बघायला कधी मिळते ते. साइटवरचा नोंद क्रमांक लिहून न्या, पान पटकन सापडेल.